मागचे दोन बोलत नाहीत

देवाने माणसाला दोन डोळे दिले आणि दोन्ही पुढच्या बाजूला बसवले. घर बांधताना सगळ्या खिडक्या रस्त्याकडच्या भिंतीत ठेवाव्यात आणि मागची भिंत कोरी सोडावी, तसलाच हा प्रकार. मागच्या बाजूचा सगळा कारभार कानांवर सोपवला. बरे, कान तरी मागे असावेत? ते दोन बाजूंना, आणि त्यांच्या पाळ्या पुन्हा पुढेच वळलेल्या! एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर माणूस हजारो वर्षे वाघापासून, सावकारापासून आणि मागून हाक मारून देणगीची पावती फाडणाऱ्या कार्यकर्त्यापासून जीव वाचवत आला, ही गोष्ट तशी कौतुकाचीच म्हणायला हवी.

यातले शास्त्र मोठे गमतीचे आहे. उजवीकडून आवाज आला की तो उजव्या कानाला आधी आणि डाव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. किंचित म्हणजे किती? तर सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाहूनही कमी. एवढ्याशा उशिरावरून आपला मेंदू दिशा ओळखतो. ज्या माणसाला लग्नाला दोन तास उशिरा पोहोचलो हेही कळत नाही, त्याचासुद्धा मेंदू हे गणित बिनचूक करतो. पण बरोबर पुढून आलेला आवाज आणि बरोबर मागून आलेला आवाज, हे दोन्ही कानांना एकाच वेळी भेटतात. तिथे गणित अडते. मग पाळीच्या वळ्या कामाला येतात. मागून आलेला आवाज पाळीला वळसा घालून येतो आणि जरा बोथट होतो. तरीही संशय राहिला तर मान वळवावी लागते. आपल्या भाषेत 'मागे वळून पाहणे' या शब्दांना जे वजन आले आहे, ते उगाच आलेले नाही.

हे सगळे मला साठी उलटल्यावर शिकावे लागले, ते भाच्यामुळे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागणार असे दिसू लागले, तेव्हा तो पुण्याहून आमच्या हिर्डोशीला राहायला आला. लोकांनी त्या दिवसांत गावी येताना तांदूळ, डाळ, औषधे आणली. त्याने खेळाचे खोके आणले. म्हणजे ज्याला तो 'गेम कन्सोल' म्हणतो ते. शिवाय आपल्या वडिलांच्या जुन्या संगणकाचे पाच स्पीकर आणि एक जाडजूड वूफर. आमच्याकडे त्याला 'बफर' म्हणतात. चार तास तारांच्या गुंत्यात बसून तो बाहेर आला आणि दुखवट्याच्या आवाजात म्हणाला, ''मामा, मागचे दोन बोलत नाहीत.''

मी इतिहासाचा निवृत्त मास्तर. इतिहासाच्या मास्तरापुढे कोणतीही अडचण ठेवली की तो तिच्या मुळाशी जातो. अडचण तिथेच राहते, पण मूळ सापडते. मागच्या दोघांचे मौन सुटायला अडीच महिने लागले. तेवढ्या काळात मी जे मूळ खणून काढले, ते वाचकांपुढे ठेवतो.

हिर्डोशी म्हणजे भोरहून महाडकडे जाणारा रस्ता वरंध घाटाला लागायच्या आधीचे गाव. खाली नीरा-देवघर धरणाचे पाणी, वर सह्याद्री, आणि पावसाळ्यात या दोघांच्या मध्ये आणखी पाणी. हा सगळा मुलूख हिरडस मावळाचा. आणि मागून येणाऱ्या आवाजाचा इतिहास लिहायचा, तर त्याची सुरुवात हिरडस मावळातच करावी लागते. हे मी गावाच्या अभिमानापोटी म्हणत नाही. थोडेसे म्हणतो.

या मावळातल्या शिंद गावचे बाजीप्रभू देशपांडे. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून पन्हाळ्यावरून निसटले आणि विशाळगडाकडे निघाले. दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बाजीप्रभू बांदलांच्या मावळ्यांना घेऊन उभे राहिले. आता त्या जागेचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पुढे शत्रू. डोळे पुढे, तलवारी पुढे, सगळा गोंगाट पुढे. आणि ज्या एका आवाजासाठी हे चालले होते, तो येणार होता पाठीमागून. महाराज गडावर पोहोचले की तोफ होणार, आणि तोवर खिंड सोडायची नाही. परंपरा सांगते ती गोष्ट ही. मागे वळून पाहण्याची सोय नव्हती. फक्त ऐकायचे होते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो, म्हणजे एक कोस ओलांडायला त्याला नऊ-दहा सेकंद लागतात. मराठी मुलखाने ज्याची इतक्या जिवाच्या आकांताने वाट पाहिली, असा दुसरा आवाज मला तरी आठवत नाही. पुढचा सगळा आवाज मरणाचा आणि मागचा एक आवाज सुटकेचा. शाळेत हा धडा मी तीस वर्षे शिकवला, पण तोफ कुठल्या बाजूने वाजली हा प्रश्न एकाही मुलाने विचारला नाही, आणि परीक्षेला तो येण्यासारखाही नव्हता.

त्यानंतर दोनशे-सव्वादोनशे वर्षे आवाज आपापल्या जागेवरून येत राहिला. गाणारा समोर असला तर गाणे समोरून, सासू मागच्या खोलीत असली तर बोलणे मागच्या खोलीतून. यात कुणाला काही अडचण नव्हती. घोटाळा सुरू झाला तो आवाज तारेत शिरल्यावर. तार एक, भोक एक, त्यामुळे जगातला कुठलाही आवाज एकाच भोकातून बाहेर पडू लागला. दिशा वाटेत सांडली. गेली दीडशे वर्षे मोठमोठे लोक ती सांडलेली दिशा गोळा करीत हिंडत आहेत, एवढाच खरे तर या विषयाचा सारांश.

पहिला प्रयत्न १८८१ सालचा. पॅरिसच्या विद्युत-प्रदर्शनात क्लेमां आदेर नावाच्या गृहस्थाने तिथल्या ऑपेराच्या रंगमंचावर डावीकडे आणि उजवीकडे टेलिफोनचे ग्राहक मांडले आणि दूरच्या प्रदर्शनात लोकांच्या दोन कानांना दोन वेगळे टेलिफोन लावले. गायिका रंगमंचावर इकडून तिकडे गेली की ऐकणाऱ्याच्या डोक्यातही ती इकडून तिकडे जाई. दोन कानांना दोन आवाज ही युक्ती तेव्हापासूनची. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. त्या काळच्या एक्स्चेंजमध्ये भोकांचा फळा असायचा आणि एकाला दुसऱ्याशी बोलायचे असले की तारेची पिन योग्य भोकात खुपसून द्यावी लागे. ती पिन पाव इंच जाडीची. तिला एक टोक, मध्ये एक कडे आणि मागे एक बाही. पुढे ट्रान्झिस्टरच्या दिवसांत तिचेच साडेतीन मिलिमीटरचे नातवंड जन्माला आले. तुमच्या-आमच्या रेडिओला, वॉकमनला, मोबाइलला आणि संगणकाला जी कानगोष्टीची पिन लागते, ती हीच. घराणे टेलिफोनवाल्यांचे. तिच्या टोकातून डावा आवाज जातो, कड्यातून उजवा, आणि बाहीतून दोघांचा परतीचा प्रवास. एका पिनेत दोनच आवाज मावतात, हे वाचकांनी कृपा करून लक्षात ठेवावे. आमचे घोडे पुढे इथेच अडले.

१९३१ साल आपल्याला ठाऊक असते ते 'आलम आरा'मुळे. १४ मार्चला गिरगावच्या मॅजेस्टिक थिएटरात तो लागला आणि भारतात चित्रपट बोलू लागला. पुढच्या वर्षी प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'ने तो मराठीत बोलू लागला. लोक इतके खूश झाले की, पात्र पडद्याच्या डाव्या टोकाला उभे आहे आणि आवाज भलतीकडून येतो आहे, याची तक्रार कुणी केल्याचे ऐकिवात नाही. संगीत नाटकाला सरावलेल्या प्रेक्षकांना त्याचे नवल ते काय! तिथे तर पात्राचे वाक्य पात्राच्या आधी विंगेतून प्रॉम्प्टरच्या तोंडून ऐकू यायचे.

पण लंडनमध्ये अ‍ॅलन ब्लूमलाइन नावाच्या एका इंजिनिअरला ही गोष्ट खुपली. तो म्हणे होणाऱ्या बायकोबरोबर बोलपट पाहायला गेला होता, आणि माणूस एकीकडे नि आवाज दुसरीकडे हे पाहून त्याने तिथेच तिला सांगितले की, यावर मला तोड सुचली आहे. सिनेमा चालू असताना बोलणारे नवरे आपल्याकडेही पुष्कळ आहेत, पण त्यांच्या बोलण्यातून पेटंट निघत नाही. ब्लूमलाइनने त्याच वर्षी, डिसेंबर १९३१ मध्ये, स्टीरिओचा अर्ज दाखल केला. १९४० साली वॉल्ट डिस्नेने 'फँटेशिया'साठी त्याच्याही पुढे जाऊन प्रेक्षागृहात चहूबाजूंनी स्पीकर मांडले. ते सामान इतके अवजड आणि खर्चिक होते की मोजक्या थिएटरांपुढे ते गेलेच नाही. पण प्रेक्षकाच्या पाठीमागूनही काही ऐकू यावे, ही हौस जगाला तिथून लागली.

आपल्याकडे ती हौस फिटायला १९७५ उजाडावे लागले. १५ ऑगस्टला 'शोले' लागला. सत्तर मिलिमीटरची फिल्म, तिच्यावर आवाजाचे सहा वेगळे पट्टे. मुंबईत तो लॅमिंग्टन रोडवरच्या मिनर्व्हा थिएटरात लागला आणि पाच वर्षे तिथून हलला नाही. माझे काका तेव्हा परळला गिरणीत होते. त्यांनी मला हिर्डोशीहून बोलावून घेऊन शोले दाखवला. मी त्या वेळी पंधरा वर्षांचा होतो. त्या चित्रपटात नाणे उडवण्याचा जो प्रकार आहे, त्याचा खणखणाट थिएटरात असा घुमायचा की लोक आपल्या खुर्चीखाली वाकून पाहायचे. ही आठवण त्या काळचे पुष्कळ जण सांगतात. माझ्या काकांनी खाली पाहिले नाही. त्यांनी आधी खिसा चाचपला. नाणे शाबूत असल्याची खात्री पटल्यावर मग ते खाली वाकले. दुसऱ्याचे असले तर पाहावे म्हणून.

गंमत अशी की, ज्या लॅमिंग्टन रोडवर लोकांना पहिल्यांदा घुमणारे नाणे ऐकू आले, तोच रस्ता पुढे तारा, पिना, स्पीकर आणि संगणकांच्या सुट्या भागांचा मुंबईतला मोठा बाजार म्हणून ओळखला जाऊ लागला. कागदोपत्री त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. मिनर्व्हा आता नाही. पण तिथे ऐकलेला आवाज घरी नेता यावा, म्हणून लागणारे सगळे सामान त्याच रस्त्यावर मिळू लागले. तमाशाचा फड हलावा आणि त्या जागी घुंगरांची दुकाने निघावीत, तसे झाले.

पुढची पावले भराभर पडली. १९७९ च्या 'अपोकॅलिप्स नाऊ'मध्ये मागचा डावा आणि मागचा उजवा आवाज वेगवेगळे झाले आणि हेलिकॉप्टर प्रेक्षकांच्या डोक्याभोवती प्रदक्षिणा घालू लागले. पुढे तीन, मागे दोन, आणि घुमणाऱ्या खर्जासाठी एक वूफर, असा सहा जणांचा फड ठरला. त्यालाच 'पाच पॉइंट एक' म्हणतात. वूफर फक्त खालचा खर्ज वाजवतो, म्हणून त्याची किंमत अख्खा एक न धरता दशांश धरली. आकाराने सगळ्यांत मोठा आणि मान सगळ्यांत कमी. एकत्र कुटुंबात असा एक काका असतोच. १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून हे सहा आवाज आकड्यांच्या रूपात फिल्मच्या भोकांमधल्या जागेत छापले जाऊ लागले. आवाजाचे आकडे झाले आणि तो मूठभर जागेत मावू लागला.

आता खेळाच्या खोक्याकडे येऊ. १९९० च्या सुमारास मध्यमवर्गीय घरांत जे व्हिडिओ गेम आले, त्यांचा आवाज टीव्हीच्या एकुलत्या स्पीकरातून 'टुंई टुंई' असा निघायचा आणि घरच्या मोठ्या माणसांचे त्याबद्दलचे मत दोन्ही स्पीकर लागतील इतक्या मोठ्याने निघायचे. २००० साली जपानमध्ये प्लेस्टेशन-२ आले, त्याच्या पाठीला प्रकाशाच्या तारेचे भोक होते. ही तार तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये काढलेली. तिच्यातून वीज जात नाही, तांबडा प्रकाश लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्यात आवाजाचे आकडे असतात. डिस्कवरच्या चित्रपटाचे सहाही आवाज त्या एकाच तारेतून जात आणि काही मोजक्या खेळांचेही. पुढच्याच वर्षी आलेले एक्सबॉक्स तर खेळ चालू असतानाच सहा आवाज गुंफू लागले. भाच्याच्या खोक्यालाही असेच भोक होते. मग मागचे दोन बोलत का नव्हते?

कारण संगणकाच्या स्पीकरांची रीत वेगळी. त्यांना आकडे कळत नाहीत. त्यांना तयार आवाज लागतो, आणि तो टेलिफोनवाल्यांच्या त्या जुन्या पिनेतून. एका पिनेत दोन आवाज, म्हणून सहा आवाजांना तीन पिना: हिरवी पुढच्या दोघांची, काळी मागच्या दोघांची, आणि नारिंगी मधल्या स्पीकरची व बफरची. संगणकाला मागे या तिन्ही रंगांची भोके असतात, कारण आकड्यांचे आवाज करण्याचे काम तो पोटातच उरकतो. खेळाचे खोके मात्र दिवाणखान्यात ठेवायचे म्हणून जन्मलेले. त्याची कल्पना अशी की, दिवाणखाना म्हटला म्हणजे तिथे एक खानदानी अ‍ॅम्प्लिफायर असणारच आणि आकडे उलगडायचे काम तो करील. थोडक्यात, खोक्याने सहा प्रवासी एका एसटीत कोंबून पाठवायचे आणि स्पीकरांनी तीन बैलगाड्या आणून स्टँडवर उभे राहायचे. एसटी येते, बैलगाड्याही तयार असतात. पण कुठला प्रवासी कुठल्या गाडीत, हे सांगणारा कंट्रोलर स्टँडवर नसतो. सोयरीक जुळत नाही ती एवढ्यावरून.

भाच्याने उपाय थोडे केले नाहीत. प्रथम टीव्हीच्या कानाच्या भोकातून हिरवी पिन जोडली. पुढचे दोन बोलले. मग एका पिनेच्या तीन करणारा जोड वापरून तिन्ही पिना तिथेच लावल्या. त्याबरोबर सहाच्या सहा बोलू लागले, पण सगळे तेच. चौथीच्या वर्गाने एका सुरात पाढे म्हणावेत तसे. शत्रू पुढे असला काय आणि मागे असला काय, बूट सगळीकडून वाजायचे. बाजीप्रभूंना चहूकडून तोफा ऐकू आल्या असत्या तर त्यांनी काय ओळखायचे होते? मग त्याने टीव्हीच्या प्रकाशाच्या भोकाचा नाद धरला. तो टीव्ही सहातले दोनच आवाज पुढे सोडायचा आणि बाकीचे गिळून बसायचा. शेवटी भाचा म्हणाला, ''मामा, मधे डीकोडर लागणार. थेट खोक्यातून प्रकाशाची तार त्याच्यात, आणि त्याच्यातून तीन पिना बाहेर.''

म्हणजे कंट्रोलर. वस्तू तळहाताएवढी, पण ती होती पुण्याला बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत कुठल्या तरी फळीवर, आणि तापकीर गल्ली बंद होती. सगळेच बंद होते. एप्रिल गेला, मे गेला. मागचे दोन भिंतीवर मुक्याने बसून राहिले. जूनमध्ये दुकाने उघडू लागली तेव्हा भाच्याने फोन लावला आणि ओसरीतून ओरडून दुकानदाराला विचारले, ''डॉल्बीचा आहे ना?''

हा शब्द आत्याच्या कानावर गेला. माझी आत्या म्हणजे भाच्याची आजी. वय त्या वर्षी ऐंशीच्या पुढचे, आणि डावा कान पंधरा वर्षांपूर्वीच निकामी झालेला. पण 'डॉल्बी' हा शब्द महाराष्ट्रात एका कानालासुद्धा चुकत नाही. ती काठी टेकत बाहेर आली. ''डॉल्बी? घरात? अरे, गणपतीतल्या त्या भिंतीनं छातीत धडधडतं माझ्या. कौलं पडतील!''

तिचे काही चुकत नव्हते. आपल्याकडे डॉल्बी म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरांची भिंत. तिच्यासाठी मोर्चे निघतात, तिच्यापायी गुन्हे नोंदले जातात, 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव' म्हणून मोहिमा चालतात. पण ज्याचे हे नाव, तो रे डॉल्बी नावाचा अमेरिकन गृहस्थ भलताच शांत प्रवृत्तीचा निघाला. १९६३ ते १९६५ अशी दोन वर्षे तो युनेस्कोचा सल्लागार म्हणून चक्क भारतात राहिला होता. इथून जाऊन १९६५ मध्ये त्याने लंडनला आपली प्रयोगशाळा थाटली, आणि त्याने पहिली गोष्ट कुठली केली असेल? ध्वनिफितीवर गाण्याच्या मागे जी सूंऽऽ अशी खरखर ऐकू येते, ती घालवण्याची युक्ती काढली. म्हणजे या माणसाची कीर्ती गोंगाट कमी केल्याबद्दलची! पुढे त्याच्या कंपनीने सिनेमाला चहूबाजूंचा आवाज दिला, सहा आवाज आकड्यांत बसवले, पण ट्रॉलीवरची भिंत काही तिने बांधलेली नाही. ज्या देशात दोन वर्षे काढली, तिथल्या एका प्रांतात आपले नाव भिंत हादरवणाऱ्या यंत्राला मिळाले, हे त्याला कळले होते की नाही कोण जाणे. २०१३ साली तो वारला. आत्याला मी हे सगळे समजावून सांगितले. ती म्हणाली, ''गुणी होता बिचारा. नाव खराब झालं.''

डीकोडर भोरपर्यंत कुरिअरने आला आणि भोरहून दुधाच्या टेम्पोने. तोवर पाऊस सुरू झाला होता. भाच्याने प्रकाशाची तार खोक्यातून डीकोडरमध्ये घातली, तीन रंगांच्या पिना तीन भोकांत बसवल्या, आणि सुरू केले. मागचे दोन गप्पच! खोक्याच्या पोटात शिरून एक खूण बदलावी लागते, हे मग ध्यानात आले. ते खोके प्रकाशाच्या तारेतून मुळात दोनच मोकळे आवाज पाठवते. सहा हवे असतील तर ते डॉल्बीच्या गाठोड्यात बांधून पाठव, असे त्याला सांगावे लागते. सांगितले. आणि अडीच महिन्यांनी मागचे दोन बोलले.

स्पीकर कुठे टांगायचे याचेही शास्त्र आहे. मागचे दोन अगदी पाठीशी नकोत. ऐकणाऱ्याच्या नाकासमोरची रेघ धरली तर दोन्हीकडे एकशे दहा अंशांच्या आसपास, आणि कानापेक्षा थोडे उंच. भाच्याने माजघरात दोरी धरून मापे घेतली. वाशांवरून तारा नेल्या. डावा कोनाड्यावर बसला, उजवा परसदाराच्या चौकटीला. सगळ्यांचा आवाज जिथे नेमका मिळतो, तो मधला बिंदू निघाला मधल्या खांबाशी. आणि खांबाशी गेली साठ वर्षे आत्याची बसायची जागा. तिथून तिला हलवण्याची प्राज्ञा धरणवाल्यांचीही झाली नसती. तेव्हा ज्या आवाजासाठी पॅरिस, लंडन आणि हॉलिवूड झटले, तो ऐकण्याची सर्वोत्तम जागा आत्याला मिळाली, आणि भाचा तिच्या पायाशी पाट घेऊन खेळायला बसला.

एक कान गेला की दिशेचे गणितच संपते. उजव्या-डाव्यातला तो हजारांश सेकंदाचा फरक मोजायला दोन कान लागतात. आत्याला म्हणून कुठलाही आवाज उजवीकडूनच यायचा. समोर उभे राहून बोललो तरी ती उजवीकडे पाहायची. पण आता परसदाराचा स्पीकर नेमका तिच्या चांगल्या कानाच्या मागे होता. खेळात कुठल्याशा ओसाड वाड्यात एक शिपाई मागून दबकत येत होता. पुढच्या स्पीकरांतून पाऊस, आणि मागच्या उजव्यातून पावले. एक. दोन. तीन.

आत्या उठली. काठी न घेता उठली. ''परसदारी कोण आलंय रे?'' म्हणत तिने कडी काढली आणि दार उघडले.

आमच्या परसदारामागे पूर्वी सात घरांची आळी होती. ताक मागायला, विस्तव न्यायला, कुणाला ताप आला म्हणून सांगायला माणसे पुढच्या दाराने कधी आली नाहीत. ती मागूनच यायची, आणि पावलांवरून आत्या नाव घेऊन 'ये गं' म्हणायची. त्या सातांतली पाच घरे आता कुलूप लावून मुंबई-पुण्याला गेली आहेत आणि एकाचे छप्पर बसले आहे. बाहेर धो धो पाऊस होता. कुणी नव्हते.

भाच्याने घाईने खेळ थांबवला. ''आजी, ते खेळातलं आहे. थांब, मागचे बंदच करतो.''

आत्या दारातच उभी राहिली होती. मग परत येऊन खांबाला टेकून बसली. दार तिने लावले नाही.

''मागचे राहू देत,'' ती म्हणाली. ''बंद करायचे तर पुढचे कर.''

भाच्याने माझ्याकडे पाहिले. मग त्याने वाकून हिरवी पिन काढली.